फुगाझी : संयमाचें संगीत

काव्याचीं प्रयोजनें सांगतांना मम्मटानें यश आणि अर्थ या दोहोंना अगदीं आरंभींच स्थान दिलें आहे. त्याबद्दल त्या काश्मिरी पंडितास कोणीं दोष देऊं नये. कारण कलावंताला पोट असतें आणि मनही असतें, व दोन्ही भुकेलेलीं असतात, हें सत्य त्यानें लपविलें नाहीं. इंग्रजी वाङ्मयांत डॉ. जॉन्सननें १७५५ सालीं लॉर्ड चेस्टरफील्डला लिहिलेलें पत्र प्रसिद्धच आहे. त्या पत्रानें लेखक आश्रयदात्याच्या ओसरीवरून स्वाभिमानानें उठला, असें म्हणण्याची पद्धत आहे. पण उठून तो गेला कोठें ? पुस्तकविक्रेत्याच्या दुकानांत ! आश्रयदाता बदलला, आश्रय संपला नाहीं. तेव्हां खरा प्रश्न अर्थ आणि यश हवीं कीं नकोत हा नसून, तीं कोणाच्या हातून, किती प्रमाणांत आणि कोणत्या अटींवर घ्यावयाचीं, हा आहे.

या प्रश्नाचें एक उत्तर अमेरिकेच्या राजधानींत, वॉशिंग्टन शहरांत, चौघा तरुणांनीं १९८७ पासून पुढें सुमारें पंधरा वर्षें आपल्या वागणुकीनें दिलें. त्यांच्या बँडचें नांव फुगाझी, आणि त्यांचें संगीत पंक रॉक या प्रकारांत मोडणारें. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं हा प्रकार मुलांच्या खोलींतून ऐकूं आला असेल, आणि तो कोलाहल असह्य होऊन वडील माणसांनीं दार लावून घेतलें असेल. तें दार घटकाभर उघडें ठेवावें, एवढीच या लेखाची विनंती आहे.

फुगाझीविषयीं जें लिहिलें जातें त्यांत त्यांच्या आचाराची वाखाणणी पुष्कळ असते. तिकीट पांच डॉलरचें, मोठ्या कंपन्यांना नकार, जाहिरातबाजी नाहीं, हें सारें आदरानें सांगितलें जातें, आणि संगीताची वासलात मात्र दोन ओळींत लागते. जणूं काय हे चांगले गृहस्थ होते, आणि जातां जातां वाजवीतही असत ! आमचें म्हणणें असें कीं, ही फाळणीच चुकीची आहे. ज्या संयमानें त्यांनीं आपला व्यवहार बांधला त्याच संयमानें त्यांचें संगीतही घडलें. एकाची परीक्षा दुसऱ्याला वगळून करतां येत नाहीं.

हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. पंक रॉकचा उदय न्यूयॉर्क आणि लंडन येथें १९७४ ते १९७६ या काळांत झाला. रॉक संगीत तोंवर फार श्रीमंत आणि फार अवजड झालें होतें; मोठीं क्रीडांगणें, महागडी उपकरणें, आणि श्रोत्यांपासून कोसभर दूर उभा असलेला गवई. तीन स्वरमेळ येत असतील तर तुम्हीही उभे राहा, असें पंकवाल्यांचें सांगणें होतें. पण या बंडाचें पुढें काय झालें पाहा. लंडनच्या सेक्स पिस्टल्स या बँडनें ऑक्टोबर १९७६ ते मे १९७७ या आठ महिन्यांत ई. एम. आय., ए अँड एम आणि व्हर्जिन अशा तीन कंपन्यांशीं करार केले. क्लॅश या दुसऱ्या नामांकित बँडनें १९७७ च्या जानेवारींतच सी. बी. एस. या बलाढ्य कंपनीशीं करार केला होता. बंडाची घोषणा गळ्यांत होती. गळा मात्र कंपनीकडे गहाण होता. क्लॅशनें उत्तम संगीत दिलें हें आम्हांस मान्य आहे; परंतु बंड हाही एक विकाऊ माल होऊं शकतो, हा धडा त्या काळानें घालून दिला.

वॉशिंग्टनच्या मुलांनीं हा धडा नीट वाचला. बॅड ब्रेन्स या कृष्णवर्णीय वादकांच्या बँडनें त्या शहरांत वेग आणि कौशल्य यांचा आदर्श उभा केला होताच. १९८० सालीं टीन आयडल्स नांवाचा शाळकरी मुलांचा एक बँड मोडला, तेव्हां त्यांच्यापाशीं कार्यक्रमांतून साठलेले सुमारें ६०० डॉलर होते. ते वांटून न घेतां त्यांतून त्यांनीं स्वतःचीं आठ गाणीं असलेली एक छोटी ध्वनिमुद्रिका काढली. प्रती एक हजार. वेष्टणें घरीं बसून कातरलेलीं, दुमडलेलीं आणि डिंकानें चिकटवलेलीं. यांतून डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स ही संस्था जन्मली. इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन हे तिचे मुख्य चालक. या दोघांच्या मायनर थ्रेट (१९८० ते १९८३) या पुढच्या बँडच्या एका गाण्यावरून मद्य व अंमली पदार्थ वर्ज्य मानणारा एक पंथच निघाला. आपल्या एका गाण्याचा असा संप्रदाय व्हावा ही मॅकायची इच्छा नव्हती. स्वतःपुरता केलेला निश्चय अनुयायांच्या हातीं पडला म्हणजे दंडुका होतो, हें त्यानें ऐन विशींत पाहिलें. आणि पुढें फुगाझीनें जे नियम पाळले ते इतरांवर लादले नाहींत, याचें मूळ बहुधा तेथें असावें.

फुगाझीचा पहिला कार्यक्रम ३ सप्टेंबर १९८७ रोजीं झाला. मॅकाय गायन व गिटार, जो लॅली बेस गिटार, ब्रेंडन कँटी ड्रम, आणि लौकरच त्यांना मिळालेला गी पिचिओटो गायन व पुढें गिटार, असे हे चौघे. कँटी व पिचिओटो पूर्वी राइट्स ऑफ स्प्रिंग या भावनाप्रधान बँडमध्यें होते. व्हिएतनाम युद्धांतून परतलेल्या सैनिकांच्या आठवणींचें मार्क बेकर यांनीं जें पुस्तक सिद्ध केलें त्यांतून बँडचें नांव घेतलें आहे. सैनिकांच्या बोलींतील तो शब्द शिष्ट भाषेंत सांगतां येण्यासारखा नाहीं; सर्व बाजूंनीं बिघडलेली परिस्थिति, एवढाच त्याचा भावार्थ.

आतां संगीताकडे वळूं. १९८८ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंतील ‘वेटिंग रूम’ हें गाणें त्यांचें सर्वांत प्रसिद्ध. त्याची सुरुवात बेस गिटारनें होते. हें वाद्य रॉक संगीतांत बहुधा पाठीमागें राहून भार उचलणारें. येथें तें पुढें चालतें, आणि त्याच्या चालींत जमेकाच्या रेगे संगीताचा डौल आहे. मागून ड्रम येतो, गिटार येते, आतां सारें उसळणार असें वाटतें, आणि तेवढ्यांत सर्व वाद्यें एकदम थांबतात. तीन-चार सेकंद संपूर्ण शांतता. मग गाणें जेथें थांबलें तेथून जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा रीतीनें पुढें निघतें. हे तीन-चार सेकंद आम्हांस फुगाझीच्या कलेची किल्ली वाटतात. जोरानें वाजविणें कोणालाही येतें. ऐन जोरांत चौघांनीं एका क्षणीं हात आवरणें, यासाठीं कान आणि विश्वास दोन्ही लागतात. पंक रॉकचें बळ वेगांत आहे अशी समजूत होती. बळ आवरून धरण्यांतही आहे, हें या बँडनें दाखविलें.

पिचिओटोची गोष्ट याच जातीची आहे. आरंभीच्या दोन छोट्या ध्वनिमुद्रिकांत तो केवळ गातो; गिटार वाजवीत नाहीं. त्या दोन्ही १९८९ सालीं ‘थर्टीन साँग्स’ या नांवानें एकत्र निघाल्या. १९९० च्या ‘रिपीटर’पासून तो गिटार घेतो, पण मॅकायच्या गिटारवर दुसरा थर चढविण्यासाठीं नव्हे. एक बोलते तेव्हां दुसरी गप्प बसते, किंवा मध्येंच तोडून बोलते. दोन समंजस पण हट्टी माणसांच्या वादासारखा हा प्रकार आहे. तिसरें माणूस लॅली. तो वाद चालूं देतो आणि जमीन सांभाळतो. कँटीचा ड्रम या तिघांना एकत्र बांधतो.

गाण्यांचे विषय पाहिले तर तेथेंही घोषणेपेक्षां परीक्षण अधिक. ‘रिपीटर’ ज्या काळांत निघाली तेव्हां वॉशिंग्टन शहर खुनांच्या संख्येसाठीं देशभर बदनाम झालें होतें. मरणाची रोजची मोजदाद आणि ती वाचणाऱ्यांची बधिरता हा तिच्यांतील एक विषय आहे. त्याच संग्रहांतील ‘मर्चंडाइज’ या गाण्यांत वस्तूंच्या मालकीवरून माणसाची किंमत ठरविण्याच्या वृत्तीचा समाचार आहे. १९९३ च्या ‘इन ऑन द किल टेकर’मधील ‘स्मॉलपॉक्स चँपियन’ हें गाणें अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या संहाराकडे पाहतें. आणि १९८८ च्या ‘सजेशन’ या गाण्यांत मॅकाय रस्त्यावर छळल्या जाणाऱ्या स्त्रीच्या तोंडून प्रथमपुरुषीं बोलतो. पुरुषानें स्त्रीचें दुःख तिच्या वतीनें गावें काय, हा आक्षेप येथें रास्त आहे. आमच्या मतें या गाण्याचें सामर्थ्य करुणेंत नाहीं. शेवटीं तें बघ्यांकडे वळतें आणि अपराध सर्वांचा ठरवितें, तेथें आहे. तरीही हें गाणें एखादी स्त्री जेव्हां गाते तेव्हां तें अधिक खरें होतें. आणि बँडच्या कार्यक्रमांत कांहीं वेळां स्त्रियांनीं तें गाइलें आहे.

आतां कार्यक्रमांविषयीं. तिकीट सामान्यतः पांच डॉलर. प्रवेश सर्व वयांच्या श्रोत्यांना. ही दुसरी अट दिसते तितकी साधी नाहीं. कारण अमेरिकेंत अशा संगीताचीं ठिकाणें बहुधा मद्यालयें असतात आणि अल्पवयीन मुलांना तेथें मज्जाव असतो. म्हणून त्यांना देवळांच्या सभागृहांत, शाळांत, वस्तीच्या दिवाणखान्यांत जागा शोधाव्या लागत. व्यवस्थापक नाहीं, दलाल नाहीं. कार्यक्रम मॅकाय स्वतः टेलिफोनवरून ठरवी. डिस्कॉर्डचा आपल्या बँडांशीं लेखी करार नसे. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टणावर किंमत छापलेली असे, म्हणजे दुकानदारानें वाटेल तो भाव लावूं नये. स्वतःच्या नांवाचे टी-शर्ट त्यांनीं विकले नाहींत. तेव्हां दुसऱ्याच कोणीं ‘हा फुगाझीचा टी-शर्ट नव्हे’ असें छापून टी-शर्ट विकले, हा विनोद बाजारानें त्यांच्यावर उगविलेला सूड म्हणावा! वॉशिंग्टनमधील त्यांचे कार्यक्रम बहुतेक विनामूल्य, निषेधाचे किंवा कोणत्या तरी लोकोपयोगी कामाच्या मदतीसाठीं असत. १९९० च्या डिसेंबरांत ते लॉर्टन येथील तुरुंगांत कैद्यांपुढें वाजविले. १२ जानेवारी १९९१ रोजीं, आखाती युद्ध तोंडावर आलें असतां, व्हाइट हाउससमोरच्या बागेंत कडाक्याच्या थंडींत वाजविले.

श्रोत्यांत धक्काबुक्की आणि मारामारी करणाऱ्यांचा एक वर्ग पंकमध्यें आरंभापासून होता. फुगाझीचें वेगळेपण असें कीं, असा प्रकार दिसतांच ते गाणें मध्येंच थांबवीत, त्या माणसाशीं सभ्य शब्दांत बोलत, आणि तो ऐकेना तर पांच डॉलर पाकिटांत घालून त्याच्या हातीं देत व बाहेर वाट दाखवीत. ‘वेटिंग रूम’मधील शांतता आणि ही शांतता, या एकाच हातानें धरलेल्या आहेत. कार्यक्रमाची यादीही ते आधीं ठरवीत नसत. सर्व गाणीं सर्वांना सदैव तयार, आणि एकाच्या इशाऱ्यावर पुढचें गाणें सुरू. आपल्या बैठकींतील गायकाला हें नवल वाटणार नाहीं. पण विजेच्या वाद्यांवर, इतक्या बांधीव रचना, हजार लोकांसमोर अशा रीतीनें वाजविणें हें मोठ्या रियाजाचें काम आहे.

१९९१ च्या सप्टेंबरांत निर्वाणा या बँडची ‘नेव्हरमाइंड’ निघाली, आणि जें संगीत तळघरांत वाढलें त्याच्या मागें कंपन्यांचे दूत धांवूं लागले. फुगाझीलाही मोठीं आमिषें दाखविण्यांत आलीं. त्यांनीं तीं नाकारलीं, आणि नाकारल्याचा डांगोराही पिटला नाहीं. या वेळीं ते काय करीत होते ? १९९२ सालीं ते शिकागोस जाऊन स्टीव्ह अल्बिनी यांच्याकडे नवीं गाणीं ध्वनिमुद्रित करून आले, घरीं येऊन ऐकलीं, तीं मनासारखीं वाटलीं नाहींत, आणि सारें काम बाजूला ठेवून आर्लिंग्टनच्या इनर इअर या ओळखीच्या ध्वनिशाळेंत पुन्हां आरंभापासून वाजवून काढलें. तेंच ‘इन ऑन द किल टेकर’. सारी दुनिया घाई करीत असतां स्वतःच्या कामाला नकार देण्याचें हें धैर्य कंपनीला दिलेल्या नकारापेक्षां आम्हांस मोठें वाटतें.

आक्षेपांकडे दुर्लक्ष करून चालणार नाहीं. पहिला आक्षेप असा कीं, हें वैराग्य म्हणजेच एक जाहिरात होती. त्याग प्रसिद्ध झाला कीं त्याचीही किंमत येते, हें खरें आहे. पण येथें वैराग्य हा शब्दच चुकतो. फुगाझी संन्यासी नव्हते. ते चोख हिशेबी होते. हजार श्रोते आले तर पांच हजार डॉलर जमतात, खर्च आवरला तर त्यांत चौघांचें भागतें, हें गणित त्यांनीं मांडलें आणि त्यावर ते संगीताच्याच बळावर जगले. पैशाचा त्यांना तिटकारा नव्हता. पैशाला त्यांनीं फक्त शेवटचा शब्द बोलूं दिला नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक टोंचणारा आहे. हीं शिकलेल्या मध्यमवर्गीय घरांतील गोरीं मुलें होतीं. पडलीं तर झेलायला खालीं कांहीं तरी होतें. ज्याच्या घरीं उद्यांची भ्रांत आहे त्यानें लाखांचा करार नाकारावा काय? यावर आमचें उत्तर असें कीं, नाकारूं नये असें फुगाझीनेंही म्हटलेलें नाहीं. परंतु ज्यांच्या घरीं दोन वेळची भ्रांत नाहीं अशांची संख्या फार मोठी आहे, तुम्हीआम्ही त्यांतच आहोंत, आणि त्यांतील किती जणांनीं त्या निश्चिंतीचा उपयोग स्वतंत्र होण्यासाठीं केला ? सुरक्षितता बहुधा अधिक सुरक्षितता मिळविण्यासाठींच खर्च होते. ती या चौघांनीं दुसऱ्या कामीं लावली, म्हणून त्यांचें उदाहरण आमच्या वर्गाला विशेष बोचावें, आणि बोचलेलें बरें.

तिसरा आक्षेप उपदेशकपणाचा. तो आरंभीच्या कांहीं गाण्यांस लागूं पडतो. तेथें बोट दाखविलेलें दिसतें आणि स्वर चढा आहे. १९९१ ची ‘स्टेडी डाएट ऑफ नथिंग’ ही आम्हांस थोडी कोरडी वाटते. संयम तेथें आहे, पण ज्याला आवरावयाचें तो आवेग कमी पडतो. मात्र १९९५ च्या ‘रेड मेडिसिन’पासून हा चढेपणा विरघळूं लागतो, विनोद येतो, विचित्र नाद येतात, घरगुती ध्वनिमुद्रणाचे तुकडे मिसळतात. ‘एंड हिट्स’ (१९९८) याच वाटेनें जाते, आणि २००१ ची ‘द आर्ग्युमेंट’ ही आमच्या मतें त्यांची सर्वोत्तम कृति. तींत चेलोचा दीर्घ स्वर आहे, दुसऱ्या ड्रमवाल्याची साथ आहे. ‘कॅशआउट’ या गाण्यांत भाव वाढलेल्या वस्तींतून जुन्या भाडेकरूंना कसें बाहेर काढलें जातें हें जवळजवळ कुजबुजीच्या स्वरांत सांगितलें आहे, आणि राग शेवटपर्यंत राखून ठेवला आहे. ज्यांनीं आपलें घर सोडलें नाहीं त्यांनाच दुसऱ्याचें घर जातांना असें दिसतें.

४ नोव्हेंबर २००२ रोजीं लंडनमध्यें त्यांचा अखेरचा कार्यक्रम झाला, आणि २००३ पासून बँडनें अनिश्चित काळाची विश्रांति घेतली. भांडण नाहीं, निरोपाचा समारंभ नाहीं, महागड्या तिकिटांचा पुनर्मीलनाचा दौराही नाहीं. घर, मुलेंबाळें, आजारपणें यांना वेळ हवा होता, आणि अर्ध्या मनानें वाजविणें त्यांना मंजूर नव्हतें. पुढें मॅकायनें एमी फरिना यांच्याबरोबर इव्हन्स हा दोघांचा बँड काढला; २०२० सालीं लॅलीसह त्या तिघांची कोरिकी या नांवानें ध्वनिमुद्रिका निघाली; लॅली आणि कँटी मेस्थेटिक्स या बँडमध्यें वाजवूं लागले. चौघांपैकीं संगीत कोणीं सोडलें नाहीं.

सर्वांत शेवटचें काम कदाचित् सर्वांत बोलकें आहे. हजारांहून अधिक कार्यक्रम त्यांनीं केले, आणि त्यांतील आठशेंहून अधिक ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. २०११ च्या डिसेंबरपासून ते एकेक करून श्रोत्यांस उपलब्ध करण्यांत आले. सुचविलेली किंमत पुन्हां तीच, पांच डॉलर. परंतु एक डॉलरपासून शंभरापर्यंत ज्यानें त्यानें आपल्या इच्छेप्रमाणें द्यावें. निवडक दहा कार्यक्रम सुशोभित करून काढणें हा रूढ मार्ग होता. त्याऐवजीं चुकलेले ताल, तुटलेल्या तारा, श्रोत्यांशीं झालेले वाद, सारें जसेंच्या तसें ठेविलें आहे. ज्याचा हिशेब स्वच्छ आहे त्यालाच वही उघडी ठेवण्याची भीति वाटत नाहीं.

यश आणि अर्थ हीं दोन्ही फुगाझीच्या दारीं आलीं. त्यांनीं दोघांनाही आंत घेतलें, पण त्यांना बसावयाची जागा आपण नेमून दिली. एवढ्यानें जगाचा बाजार बदलला नाहीं. तो बदलेल असें त्या चौघांनाही कधीं वाटलें असेल असें नाहीं. बदललें तें त्यांचें संगीत. ज्याला कोणाची मर्जी राखावयाची नाहीं त्याला घाई नसते, आणि ज्याला घाई नाहीं त्याला ऐन आवेशांत तीन-चार सेकंद थांबतां येतें. त्या थांबण्यांत काय साधतें हें शब्दांनीं सांगण्यापेक्षां ऐकावें हें बरें. घरांतील एखाद्या मुलाला विचारलें तर तो आनंदानें ऐकवील, आणि कदाचित् आपल्या आवडीविषयीं घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं प्रथमच विचारलें, म्हणून त्याला थोडें आश्चर्यही वाटेल.